शालीखालचं पोट

बेगम बाजारातल्या युवराजच्या दुकानात गुळाच्या ढेपा छताला टेकतील अशा रचलेल्या असायच्या, आणि त्यांच्या मधोमध गादीवर स्वतः युवराज. "नव्या गिऱ्हाइकाला आधी सगळ्या ढेपाच वाटतात. त्यातली एक बोलायला लागली की कळतं, हा मालक!" हा विनोद खुद्द युवराजचा. दुसऱ्यानं करायच्या आत आपणच करून मोकळं व्हायचं, हे जाड्या पोराला लवकर शिकावं लागतं. युवराज ते दुसरी-तिसरीतच शिकला होता.

आजोबा नांदेडकडचे. शेतातल्या उसाचा गूळ विकायला हैदराबादला आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून घरात मराठी, दुकानात दख्खनी आणि भांडण पेटलं की तेलुगू, अशी या घराची वहिवाट. खाण्याची रीत मात्र गावाकडचीच राहिली. पाहुण्याच्या ताटाचा तळ दिसला की घराची अब्रू गेली, असं मानणारी माणसं. पोरांनाही तोच न्याय. युवराजला भरवण्यात सगळ्यांत पुढं त्रिवेणीअक्का. ही चुलत बहीण, त्याच्याहून बरीच मोठी. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून पोर अक्काच्या कडेवर वाढलं. ती परकराच्या ओच्यात गुळाचे खडे लपवून आणायची आणि त्याच्या तोंडात घालायची. "खा राजा. हल्लू हल्लू खा, ठसका लागंल." हळूला हल्लू म्हणायचं. हैदराबादेत दोन पिढ्या काढल्या की मराठी माणसाच्या जिभेलाही तेच वळण पडतं.

चाळिशी उलटली तेव्हा युवराजचा काटा सव्वाशेच्या बराच पुढं गेला होता. साखर, बीपी, झोपेत श्वास अडकणं, सगळं हजर. दुकानाचा माळा चढायचा तर खाजामियांच्या खांद्यावर हात ठेवून. खाजामियां हा त्याचा जुना तोलणारा. तो म्हणायचा, "सेठ, तुमे ऊपर नक्को आओ, मैं मालेकोच नीचे उतारतूं."

उपाय केले नाहीत असं नाही. भात सोडला, गूळ सोडला. गुळाच्या व्यापाऱ्यानं गूळ सोडणं म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. सकाळी बागेत फेऱ्या, संध्याकाळी कुळथाचं पाणी. दहा-बारा किलो उतरायचे. सगळा बाजार शाबासकी द्यायचा, आणि दिवाळीच्या आसपास वजन परत यायचं. तेही एकटं नाही, येताना दोन-चार पाहुणे घेऊन. मग आबिड्सच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक घ्यायचं इंजेक्शन दिलं. त्यानं मात्र कमाल केली. सुरुवातीला मळमळलं, पण भूक अशी मेली की बिर्याणीच्या हंडीवरून युवराज अबोला धरलेल्या सोयऱ्याच्या दारावरून जावं तसा पुढं निघून जायचा. चांगलं उतरलं. उतरलं तसं त्यानं डॉक्टरांना न विचारता इंजेक्शन बंद केलं. "आता बरं झालं की, कशाला दर आठवड्याला टोचायचं?" दोन-तीन महिन्यांत भूक घरी परत आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, काय आहे जेवायला?

शेवटी डॉक्टरांनी त्याला एका सर्जनबाईंकडं धाडलं. बाई तेलुगू, बोलायच्या हिंदीत, पण शब्द न् शब्द पटायचा. म्हणाल्या, "तुमच्या वजनाला नुसत्या खाण्या-चालण्यानं उतरतं, पण बहुतेकांचं टिकत नाही. यात तुमची चूक नाही. शरीरच भुकेला परत बोलावून आणतं. औषध चालू असेतो धरून ठेवतं. ऑपरेशननं जास्त उतरतं आणि जास्त वर्षं टिकतं, पण पोटाला हात लागतो, त्याचा धोका असतो, आणि जन्मभर गोळ्या नि जन्मभर इवलं इवलं खाणं. चालणं तिन्हीतही सुटत नाही."

बाकीचं राहू द्या, पण 'यात तुमची चूक नाही' हे ऐकून युवराजच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर हे त्याला कुणी म्हटलंच नव्हतं. त्यानं स्वतःलाही नाही.

ऑपरेशन ठरलं आणि चारुलतानं नवऱ्यापुढं एकच अट घातली. "कुणाला सांगायचं नाही. लोक काय म्हणतील माहीत आहे ना? खायचं आवरेना म्हणून पोटच कापून टाकलं."

युवराजलाही तेच वाटत होतं. चालून बारीक झालेला माणूस मर्द, आणि कापून बारीक झालेला म्हणजे जणू परीक्षेत कॉपी केलेला. घरात, बाजारात सांगितलं की निसर्गोपचाराला चाललोय, फोन बंद असेल. दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. पोटावर चार-पाच बारीक भोकं, आणि आत पोटाची लांबट पिशवी तेवढी उरली. तिथली नर्स चमच्या-चमच्यानं ताक पाजताना म्हणाली, "हल्लू हल्लू, अन्ना. चालु." चालु म्हणजे तेलुगूत पुरे. युवराजला अक्का आठवली. तिला कळवावं असं फार मनात आलं. चारुलता म्हणाली, "अक्कांना सांगितलं म्हणजे मराठी मंडळाच्या फळ्यावर लिहिलं." झालं, राहिलं ते.

वर्षभरात युवराज असा उतरला की जुने शर्ट अंगावर दोरीवरच्यासारखे लोंबायला लागले. खाजामियां म्हणाला, "क्या सेठ, आधा माल किधर गया?" लोक विचारायचे, काय केलं वो? युवराज सांगायचा, "काही नाही, चालतो. रात्री अर्धी भाकरी." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. चालतच होता, आणि अर्ध्या भाकरीच्या वर पोटात मावतच नव्हतं. खोटं होतं ते न बोललेल्यात.

तिथंच थांबलं असतं तर घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण मराठी माणसाला कुणाचं काही बरं झालं की त्याला शाल पांघरल्याशिवाय चैन पडत नाही. मंडळाचे अध्यक्ष केशवराव दुकानात येऊन बसले. "युवराजशेठ, यंदा मंडळाच्या वर्धापनदिनाला तुमचा सत्कार. विषय : जिद्द."

"माझा कशाला? मी काय केलं?"

"हेच! हा विनयच लोकांना दिसला पाहिजे. आपल्या समाजात प्रत्येक घरी एक ढेप आहे. त्यांना मार्ग दाखवा."

युवराज नको म्हणत राहिला, पण त्या नकोत दम नव्हता. जन्मभर ज्याच्या अंगाकडं बघून लोक हसले, त्याला त्याच अंगासाठी शाल मिळणार होती. हा मोह ज्याला झाला नाही त्यानं खुशाल नाव ठेवावं.

सत्काराला सभागृह भरलं होतं. शाल झाली, नारळ झाला, केशवरावांचं भाषण झालं. मग युवराज उठला. आभार मानून बसायचं असं घरून ठरवून आला होता. पण समोर हसरे चेहरे, टाळ्या. तो बोलत गेला. पहाटेचं चालणं, भाकरी, ताक, जिभेवरचा ताबा. शेवटी म्हणाला, "गोळ्या, इंजेक्शनं, ऑपरेशनं, हे सगळं मनाच्या कमजोरीचे धंदे आहेत. मन घट्ट केलं की पोट आपोआप आत जातं."

हे वाक्य कुठून आलं ते त्याला कधीच समजलं नाही. टाळ्या मात्र त्यालाच सगळ्यांत जास्त पडल्या. पहिल्या रांगेत चारुलतानं मान खाली घातली.

मग पंगत. सत्कारमूर्तीला वाढपी काय सोडतात? "एक जिलेबी, शेठ, आमच्या हातची!" वाढपी पुढं सरकला की चारुलता ती पटकन आपल्या पानात ओढायची. त्या वर्षात तिचं स्वतःचं वजन पाच-सहा किलोंनी वाढलं होतं. नवऱ्याचा माल बायकोच्या गोदामात, असं ती घरी म्हणायची. युवराज बोटाच्या पेराएवढे घास चावत बसला. पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. जेवताना पाणी प्यायलं की पोट फुगून कळ यायची.

अक्का समोरच्या पंगतीला होती. उठल्यावर भिंतीचा आधार घेत, लंगडत त्याच्याजवळ आली. अफझलगंजात तिचं साड्यांना फॉल-पिको करायचं छोटं दुकान. जन्म सगळा शिलाईयंत्रापुढं बसून गेला होता. नवरा गेल्यावर अंग सुटलं ते सुटतच गेलं. गुडघे गेले, साखर आली, दोन जिने चढली की धाप. तिनं त्याच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"राजा, तुला एक सांगू? मंदारनं माझं ऑपरेशन ठरवलंय. पोटाचं." मंदार तिचा मुलगा, नोकरीला बेंगळुरूत. "डॉक्टर म्हणतात तपासण्या करा, तारीख देतो. मला मनातून भ्या वाटत होतं. आज तुझं ऐकलं आणि ठरवलं. नक्को ते कापाकापी. माझ्या हातचं खाल्लेलं पोर चालून बारीक होतं, तर मी कामून नाही?"

आजूबाजूला माणसं होती. केशवराव शेजारीच उभे होते, पेढ्याचा पुडा घेऊन. एका वाक्याचं काम होतं. बाजूला घेऊन कानात सांगितलं असतं तरी भागलं असतं. युवराज म्हणाला, "हौ अक्का. जमतंय. तुला पण जमंल."

दुसऱ्याच आठवड्यापासून अक्का चालायला लागली. अफझलगंजहून निघायची, बेगम बाजाराला वळसा घालून परत. पायात मंदारचे जुने बूट, हातात काठी. वाटेत दुकान लागायचं. गादीवरून युवराजला ती रोज दिसायची. कधी हात करायची, कधी पायरीवर टेकायची. "आज ग्रंथालयापासून न थांबता आले बघ," म्हणायची. तो म्हणायचा, "वा वा, अक्का." ती गेली की खाजामियां मान हलवायचा. "सेठ, आपा के घुटने देखो. दुखते होंगे." युवराज हातातला गूळ उगाच हुंगून बघत बसायचा.

सांगायचं त्यानं दर वेळी ठरवलं. एकदा तिला म्हणालाही, "अक्का, एकदा डॉक्टरांना दाखवून घे की. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं." ती हसली. "तुझं नि माझं वेगळं? एका चुलीवरचं खाल्लंय आपण." त्यानं घरी येऊन चारुलताला सांगितलं, मी सांगून टाकतो. चारुलता आता तयार होती. "सांगा. मीच चुकले." पण मध्ये तो सत्कार येऊन बसला होता. अक्काला सांगायचं म्हणजे त्या भाषणालाही खोटं म्हणायचं, केशवरावांबरोबर काढलेल्या शालीतल्या फोटोला खोटं म्हणायचं. उद्या, पुढल्या महिन्यात, तिचं जरा उतरू दे मग. असं करत दोन पावसाळे गेले.

अक्काचं आधी थोडं उतरलं. मग थांबलं, मग वर चढलं. आणि खरं सांगायचं तर वजनापेक्षा वाईट दुसरंच झालं. अक्का स्वतःवर चिडायला लागली. भाऊबीजेला युवराजला ओवाळताना म्हणाली, "माझ्यातच खोट आहे बघ. तुझ्यासारखी जिद्द नाही मला. रात्री भाकरी खाऊन उठते आणि अर्ध्या घटकेत डब्यात हात जातो. नकटी मेली मी." जिनं नवरा गेल्यावर एका यंत्रावर पोरगा इंजिनिअर केला, ती बाई जिद्द नाही म्हणून स्वतःला शिव्या देत होती. युवराजच्या ओठांवर सर्जनबाईंचं ते वाक्य आलं. यात तुझी चूक नाही. पण ते कुणी सांगितलं, कुठं सांगितलं, हे आलं असतं. त्यानं ते गिळलं. बाकी काही त्याच्या पोटात मावत नव्हतं, हे मात्र मावलं.

मग एका सकाळी अक्का चालायला आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खाजामियां न सांगताच अफझलगंजला जाऊन आला. "सेठ, आपा को साँस का परेशानी हुआ. बच्चा आया बेंगळूर से, दवाखाने लेके गया."

दवाखाना तोच. बाईही त्याच. मंदारनं आईला पुन्हा ऑपरेशनसाठीच नेलं होतं. आहार सांगणाऱ्या मुलीनं अक्काला सगळं समजावून सांगितलं, तपासण्या सुरू झाल्या, आणि हृदयाच्या तपासणीवर गाडी अडली. युवराज व्हरांड्यात पोचला तेव्हा मंदार भिंतीला टेकून उभा होता.

"काय म्हणतात?"

"हार्ट वीक आहे, मामा. आता भूल द्यायला रिस्क आहे म्हणतात. आधी औषधं, ते वीकली इंजेक्शन, थोडं उतरलं, हार्ट सावरलं तर पुन्हा बघू." तो जरा थांबला. त्याचं मराठी निम्मं इंग्रजीच, पण पुढचं तो सरळ बोलला. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर सोपं होतं, असं म्हणाल्या. मी तेव्हा खूप सांगितलं होतं आईला. ती म्हणाली, राजामामानं करून दाखवलंय."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. त्याला काही माहीतच नव्हतं. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत सर्जनबाई अक्काच्या उशाशी बसून काही सांगत होत्या. बाई बाहेर आल्या, युवराजला बघून ओळखीचं हसल्या आणि विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मंदार फोनवर वळला होता. युवराजनं मान हलवली आणि आत न जाता जिना उतरला.

अक्का घरी आली. दिवाळी तोंडावर होती. युवराजनं ठरवलं, या भाऊबीजेला सांगायचं. चारुलता बरोबर येते म्हणाली. तो म्हणाला, "नको, हे माझं मलाच सांगू दे." वाटेत शब्द जुळवत गेला. अक्का, मी तुझ्याशी खोटं वागलो. अक्का, माफ कर. एकही धड वाटेना.

अक्काचं घर तिच्या फॉल-पिकोच्या दुकानाच्या मागंच. जिन्याखालच्या त्या खोलीत पाट मांडलेला होता, भोवती रांगोळीची चार बोटं. ती खुर्चीत बसली होती, चेहरा उतरलेला, पायांवर सूज. वाकायचे श्रम नकोत म्हणून मंदारनं मामाला खुर्चीतच बसवू म्हटलं, तर त्याला रागावली. "भाऊ पाटावरच बसतो." मंदारला तिनं बाजारात पाठवलं, विडा आणायला.

तिनं बसल्या जागेवरून ओवाळलं. टिळा लावला, अक्षता टाकल्या. युवराज तोंड उघडणार तेवढ्यात तिनं ताट पुढं सरकवलं.

दर भाऊबीजेला अक्काचं ताट म्हणजे डोंगर. पोळ्यांची चवड, भाताची मूद, तीन भाज्या, त्याच्यावर आग्रह. तो काही पुरचुंडीत बांधून न्यायचा, काही चारुलताच्या नावानं. आजच्या ताटात एकच लहान वाटी होती. मऊ शिजवलेलं मुगाचं घट्ट वरण, कडेला पनीरचे दोन तुकडे. आणि बाळाला भरवायचा असतो तसा छोटा चमचा.

पाण्याचा तांब्या-भांडं ताटाशेजारी होतं. अक्का वाकली, तिला धाप लागली, तरी तिनं ते उचललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, त्याच्या हाताला लागणार नाही असं.

युवराज त्या वाटीकडं बघत राहिला.

"त्या आहारवाल्या पोरीनं मला सगळं सांगितलं," अक्का म्हणाली. "लहान चमचा. बारीक चावायचं. आधी वरण-पनीर, मग जागा उरली तर बाकी. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. ती सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं तू जेवत होतास. सत्काराच्या पंगतीत, माझ्या या पाटावर. मी म्हणायचे, पोराला माझ्या हातची चव लागत नाही आता."

"अक्का, मी आज तेच सांगायला—"

"ठाऊक आहे. तोंडावरनं दिसतंय." तिनं श्वास घेतला. "ऑपरेशन केलंस ते बरं केलंस. जीव वाचला तुझा. तू भाषणात बोललास तेही चाललं असतं, पुरुषमाणूस टाळ्या पडल्या की बहकतो. मला एवढंच सांग राजा. मी रोज दुकानावरनं जात होते. काठी टेकत. तू गादीवरनं बघत होतास. एक हाक कामून मारली नाहीस?"

युवराज पाटाकडेची रांगोळी बोटानं पुसत राहिला.

"त्या बाई मला म्हणाल्या, यात तुमची चूक नाही," अक्का म्हणाली. "किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुला पण म्हणाल्या असतील ना? तेव्हाच?"

त्यानं मान हलवली. होय.

बाहेर फटाक्यांची एक माळ वाजून गेली. मग अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि वाटीकडं बोट केलं.

"खा आता. निवतंय. हल्लू हल्लू खा."

त्यानं चमचा उचलला. एक घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. वरणात हिंग थोडा जास्त होता, अक्काचा नेहमीचा हात. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं, ते त्यानं पुसलं नाही. वाटी अर्धी झाली आणि पोट भरलं. त्यानं चमचा ठेवला. जन्मात पहिल्यांदा अक्कानं आणखी घे म्हटलं नाही.

त्याचा घसा कोरडा पडला होता. नजर खिडकीतल्या भांड्याकडं गेली. अक्कानं ती पाहिली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"बस. अर्धा तास व्हायचाय."

तो पाटावर बसून राहिला. ती खुर्चीत, सुजले पाय पुढं करून. मंदार विडा घेऊन आला, दोघांकडं बघितलं आणि आत गेला. घड्याळाचा काटा सरकत राहिला. अक्का मधूनच डोळे मिटायची, उघडायची, पण घड्याळावरचं लक्ष तिनं सोडलं नाही.

शेवटी तिनं खुर्चीच्या दांड्याला धरून अंग उचललं, खिडकीपर्यंत दोन पावलं टाकली, भांडं भरलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"घे," ती म्हणाली. "आता पी."